गळके वायुपिस्तूल

वायूच्या कुपीवर चालणारे पिस्तूल ज्या घरात आले आहे, त्या घरातून वर्षा-दोन वर्षांनी एक तक्रार हटकून ऐकू येते. संध्याकाळी नवी कुपी घातली, चार-पाच छर्रे मारले, पिस्तूल कपाटात ठेवले आणि सकाळी पाहावे तो ते रिकामे! पालक म्हणतात, वस्तूच हलक्या प्रतीची. विद्यार्थी म्हणतो, कुप्याच खोट्या. आमच्या मते पुष्कळदा दोघांचाही तर्क चुकलेला असतो. दोष असतो तो आतल्या एखाद्या लहानशा रबरी कड्यात, आणि ते कडे अगदी थोड्या पैशांत मिळते. तेवढ्यासाठी चांगले पिस्तूल अडगळीत पडावे हे योग्य नव्हे. तथापि त्याहूनही अयोग्य गोष्ट म्हणजे आत वायू कोंडलेला असताना उतावीळपणे स्क्रू ड्रायव्हर चालवणे. पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो. दुसऱ्या प्रकारात डोळा जाऊ शकतो. यास्तव पिस्तूल गळते म्हणजे नेमके काय होते, हे आधी नीट समजून घेऊ आणि मग दुरुस्तीकडे वळू.

छर्ऱ्याची पिस्तुले मुख्यत्वे तीन तऱ्हेची असतात. एकात जाड स्प्रिंग दाबून सोडली जाते. तिच्यात वायू साठवलेलाच नसतो, म्हणून आपल्या विषयाशी तिचा संबंध नाही. दुसरीत कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतील कर्बाम्ल वायूची, लोखंडी कुपी मुठीत बसवतात. तिसरीत साधी हवाच अतिशय दाबून भरलेले नळकांडे असते. विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा दुसरी येते, आणि गळतीची तक्रारही तिच्याबद्दलच अधिक असते.

सोडावॉटरला फसफस आणणारा, आपल्या श्वासातून बाहेर पडणारा तोच हा वायू. मायकेल फॅरडे याने १८२३ साली दाबाच्या योगाने त्याचा द्रव करून दाखवला, आणि त्याच शतकाच्या अखेरीस पॉल जिफार या फ्रेंच कारागिराने अशा द्रवरूप वायूवर चालणारी बंदूक बाजारात आणली. आज मिळणाऱ्या नेहमीच्या कुपीत १२ ग्रॅम वायू असतो. कुपी अंगठ्याएवढी दिसते. पण आतला सगळा वायू मोकळा सोडला तर तो सुमारे साडेसहा लिटर जागा व्यापील. एवढा ऐवज अंगठ्याएवढ्या जागेत कोंडला आहे, हे पिस्तूल हाताळणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये.

आता हा वायू पिस्तुलात अडवून कसा धरला जातो ते पाहू. ज्यांनी गोटीसोडा प्यायला आहे त्यांना हे समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली ज्या बाटलीचे पेटंट घेतले, तीच ही गोटीची बाटली. तिच्या गळ्यात एक रबरी कडे असते आणि आतून त्याला काचेची गोटी टेकलेली असते. गोटी जागेवर कोण धरते? आतला वायूच. तो बाहेर पडू पाहतो, गोटीला ढकलतो, आणि गोटी कड्यावर अधिकच घट्ट बसते. आपण अंगठ्याने गोटी आत रेटली की वाट मोकळी होते. पिस्तुलातील झडप हुबेहूब याच तत्त्वावर चालते. झडपेला वायू आतून दाबून धरतो, एक लहान स्प्रिंग त्याला साहाय्य करते. चाप ओढला की घोडा झडपेच्या दांड्यावर आपटतो, अंगठ्याने गोटी आत जावी तशी झडप निमिषमात्र आत जाते, थोडासा वायू नळीत शिरून छर्ऱ्याला ढकलतो, आणि झडप पुन्हा मिटते. गोटीसोड्याच्या कड्याला चीर पडली तर सोडा जसा मचूळ होतो, तसेच पिस्तुलाचेही होते.

येथे या वायूचा एक खोडसाळ गुण सांगितला पाहिजे. कारण त्याच्यामुळेच गळती फार उशिरा ध्यानात येते. कुपीत थोडा द्रव आणि त्यावर वायू अशी स्थिती असते. वायू खर्च झाला की द्रवातून नवा वायू निघून त्याची भरपाई करतो. म्हणून द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब जवळजवळ तोच राहतो. तो कुपी किती भरली आहे यावर नव्हे, तर उष्णतामानावर ठरतो. २० अंश सेल्सियसला तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाऊ लागली की चाक हळूहळू मऊ लागते. येथे तसे काही होत नाही. निम्मा वायू निसटून गेला तरी छर्रा पूर्वीच्याच जोराने सुटतो, आणि मग दोन-चार बारांत सगळा खेळ एकाएकी आटोपतो. सारांश, जोर पाहून गळती ओळखू म्हणणारा फसतो. ती ओळखावी बारांची मोजदाद करून, किंवा तराजूवर.

मोजदाद सोपी आहे. पिस्तुलाच्या घडणीनुसार एका कुपीत साधारण ४० ते ६० बार निघतात. आपल्या पिस्तुलाचा आकडा ते नवे असतानाच वहीत टिपून ठेवावा. पुढे तोच आकडा पंचवीसवर आला तर वायू दुसऱ्या वाटेने जात आहे हे उघड झाले. तराजूची रीत याहूनही निश्चित आहे. हल्ली पुष्कळ स्वयंपाकघरांत एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा विजेवरचा काटा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला किंवा सराफाचा मिळाला तर उत्तमच. नवी कुपी बसवून, नळीत छर्रा नाही याची खात्री करून, रात्री पिस्तुलाचे वजन करावे आणि सकाळी पुन्हा करावे. वजन तेच भरले तर पिस्तुलावर आळ घेऊ नये. तीन-चार ग्रॅम कमी भरले तर गळती सिद्ध झाली, आणि ती किती वेगाची हेही कळले. रसायनशास्त्राच्या तासाला वजनाचे नियम पाठ करताना कंटाळणाऱ्या मुलांनी हा प्रयोग एकदा अवश्य करून पाहावा.

गळतीसारखी दिसणारी, पण गळती नसलेली अशी दोन दुखणी आहेत. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते. म्हणून भराभर बार काढले की कुपी आणि झडप गार पडतात, दाब उतरतो, आणि छर्रा लक्ष्याच्या खाली लागू लागतो. पिस्तूल दहा मिनिटे स्वस्थ ठेवले की ते पूर्ववत होते. हे पहिले दुखणे निरुपद्रवी आहे.

दुसरे मात्र घातक आहे, आणि आपल्या प्रांतातील उन्हाळ्यात ते ठाऊक असलेच पाहिजे. ३१ अंशांच्या वर या वायूचा द्रव राहूच शकत नाही. टॉमस अँड्र्यूज याने बेलफास्ट येथे केलेल्या व १८६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिले. बेलफास्टमध्ये ३१ अंश ही नवलाई असेल; नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखात ४० अंश ही रोजची गोष्ट आहे. ही मर्यादा ओलांडली की भरलेल्या कुपीतील दाब फार झपाट्याने चढतो. तो इतका वाढतो की घोडा आपटूनही झडप हलत नाही, जशी जास्तच भरलेल्या बाटलीची गोटी लहान मुलाच्या अंगठ्याने दबत नाही. चाप ओढला तर नुसता टक् असा आवाज होतो आणि वायू येत नाही. मुलगा समजतो, कुपी संपली. आणि तो खालचा स्क्रू उलटा फिरवू लागतो. वास्तविक त्या वेळी पिस्तूल रिकामे तर नसतेच, उलट नेहमीहून अधिक भरलेले असते! म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, मुके पिस्तूल रिकामे समजू नये. ते सावलीत, गार जागी तासभर ठेवावे, आणि मग छर्ऱ्याशिवाय, सुरक्षित दिशेला धरून पुन्हा चाप ओढून पाहावा. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत पिस्तूल किंवा कुप्या कधीही ठेवू नयेत.

आता गळतीचे ठिकाण शोधण्याकडे वळू. दुरुस्तीतला खरा बुद्धीचा भाग हाच होय. उघडणे-जोडणे ही त्यामानाने हमाली आहे. आधी उघडून मग शोधणारा माणूस नेहमी सगळीच कडी बदलतो आणि तरीही पिस्तूल गळतच राहते. वायूला बाहेर पडण्यास मुख्यत्वे तीन वाटा आहेत. कुपीच्या तोंडाशी, जेथे पोकळ सुई तिचे तोंड फोडते तेथील सीलमधून. झडपेतून, म्हणजे अखेर नळीच्या तोंडातून. आणि झडप ज्या पितळी किंवा पोलादी घरात बसते त्या घराभोवतीच्या कड्यातून, म्हणजे सांगाड्याच्या सांध्यांतून. कोणत्या वाटेने जातो हे बाहेरूनच कळू शकते.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून, पिस्तूल रिकाम्या भिंतीकडे रोखून मेजावर पक्के टेकवावे. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी एका काडीच्या टोकाला चिकटवून ती बाजूने नळीच्या तोंडासमोर धरावी. आपला हात किंवा चेहरा तोंडासमोर आणायचा नाही, पिस्तूल रिकामे असले तरीही नाही. पट्टी फडफडली तर दोष झडपेत. ती निश्चल राहिली तर मुठीची पाने काढून कुपीच्या मानेशी आणि सांध्यांवर साबणाचे दाट पाणी कुंचल्याने लावावे; जेथे बुडबुडे फुगू लागतील तेथे वाट सापडली. मंद गळतीचा बुडबुडा फुगायला एखादे मिनिटही घेतो, तेव्हा घाई करू नये. सायकलवाल्यासारखे संपूर्ण पिस्तूल घमेल्यातल्या पाण्यात बुडवण्याचा मोह काहींना होतो. त्याने पंक्चर सापडेल, पण पोलादाच्या बारीक स्प्रिंगांना गंज चढेल.

कुपीच्या तोंडाशी होणारी गळती सर्वांत सामान्य, आणि सुदैवाने सर्वांत सोपी. कुपी बसवताना क्षणभर फुस्स असा आवाज होतो तो स्वाभाविक आहे. तो चालूच राहिला तर सील जुने होऊन कडक झाले आहे, किंवा स्क्रू अपुरा आवळला आहे, किंवा, आणि हेच अधिक वेळा घडते, तो नको इतका आवळला गेला आहे. सुईने तोंड फुटल्याचा आवाज आला की फार तर पाव फेरा पुरे. बळकट मनगटाची मुले येथे आपले सामर्थ्य दाखवतात आणि मऊ सील चिरडून टाकतात. कुकरच्या झाकणातली रिंग चपटी झाली की वाफ कशी निसटते हे प्रत्येक आईस ठाऊक आहे. तेच येथे होते.

सील बदलण्यापूर्वी पिस्तूल संपूर्ण रिकामे करावे. छर्रा न घालता, सुरक्षित दिशेला, वायूचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत बार काढावेत. मग तळाचा स्क्रू अगदी सावकाश, पाव-पाव फेऱ्याने सैल करावा. फुसफुस ऐकू आली की थांबावे, ती शमू द्यावी आणि मग पुढे जावे. एकदम सुटलेला हा वायू इतका गार होतो की त्यातला काही गोठून पांढरा बर्फ होतो, आणि त्या बर्फाचे उष्णतामान शून्याखाली ७८ अंश असते. बोटाला लागला तर भाजल्यासारखा फोड येतो. जुने सील काढण्यास लाकडी दातकोरणी घ्यावी. पोलादी सुई किंवा टाचणी वापरली तर खाचेला ओरखडा पडतो, आणि त्या ओरखड्यातून नवे सीलही गळते. खाच मऊ फडक्याने पुसून घ्यावी. कुपीचे तोंड फुटताना निघालेला धातूचा कीस तेथे हमखास सापडतो.

कड्यांविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. बाजारात ज्यास ओ-रिंग म्हणतात ते हे गोल कडे दिसायला क्षुल्लक; पण डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सेन याला त्याचे अमेरिकन पेटंट १९३९ साली मिळाले, आणि तेव्हापासून पाण्याच्या नळापासून विमानापर्यंत ते सर्वत्र शिरले. त्याचे मर्म असे की, ते आपल्या खाचेत किंचित दाबून बसवलेले असते आणि वायूचा दाब त्याला फटीकडे रेटून अधिकच घट्ट करतो. पण त्यासाठी कड्यात लवचीकपणा हवा. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकेचे अवकाशयान सात प्रवाशांसह नष्ट झाले, ते थंडीने कडक झालेल्या अशाच एका प्रचंड कड्यामुळे. आणि रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने चौकशीच्या वेळी तशा रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याचा हट्टीपणा सर्वांना दाखवला होता.

आपल्या वायूची आणखी एक खोड अशी की, तो रबरात मुरतो. नेहमीच्या काळ्या नायट्राइल रबराचे कडे काढून पाहावे तर ते फुगलेले असते; खाचेत परत बसत नाही. मुलांना वाटते, माप चुकले. तसे नसून, ते एक दिवस उघड्यावर ठेवले की मुरलेला वायू निघून जातो आणि ते पुन्हा लहान होते. म्हणून माप घ्यायचे ते दुसऱ्या दिवशी, किंवा त्याहून बरे म्हणजे खाचेचे घ्यावे. दाब एकाएकी सोडला तर मुरलेला वायू रबराच्या आतच फुलतो, सोड्याची बाटली उघडताच फेस यावा तसा, आणि कड्याला बारीक चिरा पडतात. पॉलियुरेथेनचे कडे या वायूपुढे अधिक टिकते. हार्डवेअरच्या दुकानात आतला व्यास आणि जाडी ही दोन्ही मापे सांगून ते मागावे. निर्मात्याचा कड्यांचा संच मिळत असेल तर दुसरीकडे पाहूच नये.

तेलाचाही प्रश्न नेहमी येतो. नवे कडे कोरडे बसवू नये, आणि कुपीच्या टोकाला अधूनमधून एक थेंब तेल लावल्यास सील दीर्घकाळ मऊ राहते. मात्र तेल माहितीपत्रकात सांगितलेलेच हवे. घरात सहज हाताशी असते ते खोबरेल. पण जे थंडीच्या दिवसांत बाटलीतच थिजते ते इतक्या गार पडणाऱ्या झडपेत काय करील, याचा विचार करावा! दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांना तर साध्या यंत्रतेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तेथे दाबाखाली तेलाच्या वाफेचा भडका उडू शकतो.

झडपेतून होणारी गळती याहून नाजूक आहे. कित्येकदा तिच्या बैठकीवर कचऱ्याचा एखादा कण अडकलेला असतो आणि छर्ऱ्याशिवाय पाच-सहा बार काढले की तो उडून जातो. काही पिस्तुलांत घोडा विसाव्याच्या स्थितीत झडपेच्या दांड्याला टेकलेला असतो. अशा पिस्तुलात कुपी बसवताना झडप नीट मिटत नाही आणि सगळा वायू नळीतून पळतो. त्यासाठी घोडा आधी चढवून मग कुपी बसवावी, असे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. ते पत्रक न वाचता फेकून देणारे लोक पुढे दुरुस्तीचे पैसे भरतात. या दोन्ही उपायांनी भागले नाही तर झडपेचे घर उघडावे लागते, आणि तेथे आमच्या मते विद्यार्थ्याने हात आखडता घ्यावा. आत ताणलेल्या स्प्रिंगा असतात. बैठकीला कानस किंवा पॉलिशकागद लावला तर ती कायमची बिघडते. आणि चुकीची जोडणी झाल्यास चाप न ओढताही पिस्तूल सुटू शकते. हे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. सांगाड्याच्या सांध्यांतून गळत असेल तर तेही बहुधा त्याच्याच हातचे काम होय.

दाबलेल्या हवेच्या पिस्तुलांना हा नियम दुप्पट लागू आहे. त्यांच्या नळकांड्यांत वातावरणाच्या २०० पटींपर्यंत दाब भरतात. उन्हाळ्या-हिवाळ्यागणिक दाब बदलत नसल्यामुळे आज ऑलिंपिकच्या १० मीटर स्पर्धेत, म्हणजे जेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते तेथे, याच पिस्तुलांचे राज्य आहे. पुष्कळ नळकांड्यांवर निर्मितीची तारीख आणि १० वर्षांची मुदत कोरलेली असते. मुदत संपल्यावर ते कितीही चकचकीत दिसले तरी वापरू नये. मोठमोठ्या खेळाडूंनाही यंत्राच्या लहरीपुढे नमते घ्यावे लागते. २०२१ साली टोकियो येथे पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. २०२४ साली पॅरिस येथे त्याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवले.

दुरुस्ती झाल्यावर लगेच लक्ष्याकडे धावू नये. नवी कुपी घालून साबणाच्या पाण्याने सर्व सांधे पुन्हा तपासावेत, ते कोरडे पुसून पोलादी भागांवर तेलाचा हलका हात फिरवावा, आणि रात्री-सकाळी वजन करावे. दोन्ही वजने जुळली तर वहीत तारीख, बदललेल्या कड्याचे माप आणि पहिल्या कुपीत निघालेले बार लिहून ठेवावे. काम संपले की कुपी पिस्तुलात ठेवून देऊ नये. सतत दाबाखाली असलेले सील लवकर चपटे होते, आणि भरलेले पिस्तूल कपाटात असणे धाकट्या भावंडांच्या दृष्टीनेही बरे नव्हे. रिकाम्या कुप्या पुन्हा भरायच्या नसतात. तोंडाला भोक पडले आहे आणि आत काही उरले नाही, हे पाहून त्या भंगारवाल्यास द्याव्यात; न फोडलेली कुपी कचऱ्याबरोबर शेकोटीत गेली तर ती फुटून तिचे तुकडे गोळीसारखे उडतात.